हायड्रॉक्सिल तोच, शेजार वेगळा

इथेनॉल आणि डायमिथाइल ईथर यांचं रेणुसूत्र एकच आहे: दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. तरी इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, तर ईथर उणे २४ अंशांनाच. इथेनॉलमध्ये एक हायड्रोजन थेट ऑक्सिजनला जोडलेला असतो. हा हायड्रॉक्सिल गट शेजारच्या रेणूंशी हायड्रोजन बंध बांधतो आणि ते तोडायला जास्त उष्णता लागते. याच बंधांमुळे लहान अल्कोहोलं पाण्यात कितीही मिसळतात. चार कार्बनचं साधं ब्युटेनॉल मात्र १०० मिली पाण्यात सात-आठ ग्रॅमच विरघळतं.

पाण्याशी असलेली ही जवळीक मोजमापात गोंधळ घालते. ५० मिली इथेनॉल आणि ५० मिली पाणी एकत्र केलं तर साधारण ९६ मिलीच भरतं. म्हणून ९५ टक्के अल्कोहोलपासून एक लिटर ७० टक्के द्रावण करताना ७३७ मिली अल्कोहोल मोजपात्रात घ्यायचं आणि ऊर्ध्वपातित पाणी घालत जायचं. मिसळताना द्रावण कोमट होतं. ते थंड झाल्यावरच एक लिटरच्या खुणेपर्यंत भरायचं. उरलेलं २६३ मिली पाणी हिशेबाने मोजून ओतलं, तर लिटर भरत नाही आणि द्रावण ठरल्यापेक्षा तीव्र होतं. जंतुनाशक म्हणून ९५ पेक्षा ७० टक्केच चांगलं, कारण जंतूंमधली प्रथिनं बिघडवायला पाणीही लागतं. शिवाय तीव्र अल्कोहोल पटकन उडून जातं. जिवाणूंच्या बीजाणूंवर मात्र दोन्ही निष्प्रभ.

साध्या ऊर्ध्वपातनाने वजनाने ९५.६ टक्क्यांपुढे जाता येत नाही. या प्रमाणातलं मिश्रण शुद्ध इथेनॉलपेक्षा किंचित आधी उकळतं आणि वाफेतही तेच प्रमाण राहतं. उरलेलं पाणी कळीचा चुना किंवा तीन अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) छिद्रांच्या रेणवीय चाळण्या काढतात. या छिद्रांत पाणी शिरतं, इथेनॉल शिरत नाही. बाटली उघडी राहिली की हवेतलं पाणी पुन्हा आत येतं.

मिथेनॉल दिसायला इथेनॉलसारखंच, पण यकृतात त्याचं फॉर्माल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक आम्ल होतं, आणि ते डोळ्याच्या चेतातंतूवर घाव घालतं. रुग्णालयात फोमेपिझोल हे औषध किंवा इथेनॉल देतात; दोन्हींमुळे हा बदल घडवणाऱ्या विकराचा (एन्झाइमचा) रस्ता अडतो आणि मिथेनॉल न बदलता बाहेर पडायला वेळ मिळतो.

हाच हायड्रॉक्सिल गट बेन्झिनच्या वलयाला जोडला की फिनॉल होतं, आणि स्वभाव पार बदलतो. हायड्रॉक्सिलचा प्रोटॉन (हायड्रोजनचा धनभारित गाभा) गेल्यावर मागे राहिलेला ऋणभार वलयभर पसरतो, म्हणून प्रोटॉन सोडणं सोपं होतं. पीकेए हे आम्लतेचं माप: आकडा एकाने कमी, की आम्लता दहापट जास्त. तो इथेनॉलचा सुमारे १६, फिनॉलचा १०. म्हणजे आम्लता दहा लाख पटींनी जास्त. तरीही फिनॉल कार्बोनिक आम्लापेक्षा दुबळंच, त्यामुळे ते सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळतं, पण सोडियम बायकार्बोनेटशी (खायच्या सोड्याशी) फसफसत नाही.

डायइथाइल ईथरमध्ये विरघळलेलं फिनॉल आणि बेन्झोइक आम्ल वेगळं करायला हा फरक पुरतो. विलगक नरसाळ्यात (खाली तोटी असलेल्या बंद नरसाळ्यात) आधी बायकार्बोनेटच्या द्रावणासोबत हलवा. बेन्झोइक आम्ल कार्बोनिक आम्लापेक्षा तीव्र, म्हणून ते पाण्याच्या थरात जाईल. कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणून तोटी वारंवार उघडून दाब सोडा, नाहीतर बूच उडतं. मग सोडियम हायड्रॉक्साइडने फिनॉल काढा. हा क्रम उलटा केला तर दोन्ही एकाच थरात जातात आणि सगळी मेहनत वाया. फिनॉल असलेल्या पाण्याच्या थरात हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की फिनॉल पुन्हा मोकळं होतं.

घन फिनॉल ४१ अंशांना वितळतं आणि हवा-प्रकाशात गुलाबी होतं. त्वचेवर पडलं तर ते जाळतं आणि बधिरही करतं, म्हणून जखम उशिरा कळते. अशा वेळी भरपूर वाहतं पाणी वापरावं. थोड्याशा पाण्याने ते नुसतं पसरतं. १८६५ साली जोसेफ लिस्टर यांनी हेच जखमांवर जंतुनाशक म्हणून वापरलं होतं!

फिनॉल ओळखायला तटस्थ फेरिक क्लोराइडचे थेंब पुरतात: जांभळा रंग येतो. सॅलिसिलिक आम्लही असाच रंग देतं. ॲस्पिरिनमध्ये हा हायड्रॉक्सिल ॲसिटाइल गटाने झाकलेला असतो, म्हणून शुद्ध ॲस्पिरिन जांभळं होत नाही. ओलसर जागी पडून राहिलेल्या गोळीला व्हिनेगरचा वास येऊ लागला की हीच चाचणी करून पाहा: जांभळी झाक दिसली, तर ॲस्पिरिनचं विघटन सुरू झालेलं आहे.