स्पॉट कॅमेरा आणि सरासरीवाला कॅमेरा : गाडी हळू केली तरी चालान का येतं

इंदूरच्या मराठी घरातलं कोणी ना कोणी पुण्या-मुंबईला असतंच, त्यामुळे गाडीनं येणं-जाणं चालूच असतं, आणि परत आल्यावर मोबाईलवर चालानचा मेसेज आला की राजेंद्र नगर काय नि लोकमान्य नगर काय, सगळीकडे एकच वाद : कॅमेरा दिसला तिथे तर गाडी हळू केली होती, मग हे आलं कसं? हळू केलीही असेल, पण तो कॅमेरा बहुतेक दुसऱ्या प्रकारचा होता.

स्पॉट कॅमेरा एका जागेवरचा वेग मोजतो. रडार असेल तर लहर सोडतो, ती धावत्या गाडीला आपटून परत येताना तिची फ्रीक्वेन्सी बदललेली असते, त्या बदलावरून वेग निघतो, आणि लिमिटच्या वर गेला की नंबर प्लेटसकट फोटो. बस, खांबाच्या मागेपुढे तुम्ही काय करता ते त्याला माहीतच नाही.

सरासरीवाला त्या क्षणाचा वेग बघतच नाही. पहिल्या खांबावर नंबर प्लेट आणि वेळ टिपली, काही किलोमीटर पुढच्या खांबावर परत टिपली, मधलं अंतर भागिले लागलेला वेळ, झाला हिशोब. 10 किलोमीटरचा टप्पा आणि लिमिट 100 धरा, म्हणजे कमीत कमी 6 मिनिटं लागायला हवीत, तुम्ही 5 मिनिटांत पोचलात तर सरासरी 120, मग दोन्ही खांबांखालून 60 नं गेला असाल तरी चालान येणारच. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर 2024 पासून जी सिस्टीम चालू आहे तिच्यात सरासरी मोजणारे कॅमेरेही आहेत.

मला सरासरीवाला जास्त पटतो आणि त्याचं कारण आपल्या बायपासवर कोणालाही दिसेल. कॅमेऱ्याचा खांब आला की सगळ्यांचे ब्रेक लागतात, मागचा ट्रक जवळ येतो, खांब गेला की परत तोच वेग, म्हणजे सुधारला फक्त तेवढा तुकडा आणि वर अचानक ब्रेक मारायचा धोका वेगळाच. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग 1 टक्का वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे 4 टक्के वाढतो, त्यामुळे पूर्ण रस्त्यावरचा वेग थोडा जरी उतरला तरी माणसं वाचतात.

अर्थात त्यातही खोट आहेच, पहिले 5 किलोमीटर 120 नं आणि पुढचे 5 किलोमीटर 80 नं गेलात तर सरासरी 96 येते आणि चालान होत नाही, मध्ये ढाब्यावर चहाला थांबलात तर मग विचारायलाच नको. म्हणून तो जिथे थांबे आणि फाटे कमी अशाच लांब रस्त्याला शोभतो. इंदूरच्या पलासिया किंवा एलआयजीसारख्या भर वस्तीच्या ठिकाणी, जिथे दर थोड्या अंतरावर सिग्नल नाहीतर गल्ली, तिथे त्याचा काही उपयोग नाही. (सिग्नलवरचा कॅमेरा हा तिसराच, तो लाल दिव्यात स्टॉप लाइन ओलांडणारा पकडतो, त्याला वेगाशी घेणंदेणं असेलच असं नाही.)

शाळेसमोर मात्र मी स्पॉट कॅमेऱ्याआधीही नीट बांधलेला स्पीड ब्रेकर मागेन. रस्ते कसे बांधायचे त्याची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशोबानं तो 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, 25 च्या वेगानं गाडी आरामात पार होते. कॉलनीत लोक रातोरात जो अरुंद उंच बांध घालतात त्यानं कंबर मोडते, स्कूटरवाले पडतात, तो ब्रेकर नव्हेच. कॅमेऱ्याचं चालान नंतर येतं, ब्रेकर तिथल्या तिथे गाडी हळू करायला लावतो, आणि पोर रस्ता ओलांडत असताना तेच महत्त्वाचं, कारण गाडीचा वेग 50 चा 65 झाला की धडकलेल्या पायी माणसाच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो.

आणि इंदूरहून मुंबईकडे जाताना मानपूरच्या पुढचा गणपती घाट आठवा, तिथे उतारावर ट्रकचे ब्रेक फेल व्हायचे, किती घरं उजाड झाली. ब्रेकच लागत नाही त्या ड्रायव्हरला कोणता कॅमेरा काय करणार? तिथे उतरणाऱ्या गाड्यांसाठी कमी उताराचा नवा रस्ताच काढावा लागला.

आता चालान आलंच तर आधी ते उघडून नीट वाचा. 2021 च्या केंद्रीय नियमात नोटीस पाठवायला 15 दिवसांची मुदत दिली होती, नोटिशीत नंबर प्लेट दिसणारा फोटो, मशीननं मोजलेला वेग, तारीख, वेळ आणि जागा हवी, मशीनचं प्रमाणपत्रही दरवर्षी रिन्यू झालेलं लागतं. सरासरीवालं असेल तर दोन्ही खांबांची वेळ आणि मधलं अंतर मागून घ्या आणि भागाकार स्वतः करून बघा, बरोबर निघाला तर भरून टाका, नाही निघाला तर तोच हिशोब जोडून तक्रार टाका.