नागरी नदी-पुनरुज्जीवन

शहरातून वाहणाऱ्या नदीचे पात्र, तळ, काठ व पूरमैदान पुन्हा कार्यक्षम करून तिच्या अंगच्या शुद्धीकरणक्षमतेचा शहरातील वापरलेल्या पाण्यावरील अंतिम प्रक्रियेसाठी आणि पुनर्वापरासाठी उपयोग करून घेण्याची पद्धती. घाट, पदपथ व बागा यांपुरत्या थांबणाऱ्या काठ-सुशोभीकरणाचा समावेश या संज्ञेत होत नाही. व्यवहारात मात्र दोहोंची गल्लत सर्रास होते.

स्वशुद्धीकरण : नदीत पडलेले सेंद्रिय द्रव्य जीवाणू खातात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात; तेवढ्यात पृष्ठभागावरून हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळत राहतो. या दोन क्रियांच्या शर्यतीचे गणित स्ट्रीटर व फेल्प्स यांनी अमेरिकेतील ओहायओ नदीच्या अभ्यासावरून १९२५ मध्ये मांडले. सांडपाणी मिसळते त्या जागेपासून प्रवाहाच्या दिशेने ऑक्सिजन उतरत जातो, एका ठिकाणी तळ गाठतो आणि मग सावकाश वर येतो. उथळ, खडकाळ, खळाळत्या पात्रात हा खड्डा लवकर भरून निघतो. काँक्रीटच्या सरळ कालव्यात किंवा बंधाऱ्यामागे तुंबलेल्या पाण्यात तो लांबतो. उष्ण प्रदेशातील नदीचे भांडवल मुळातच कमी असते. संपृक्त गोड्या पाण्यात २०° से.ला लिटरमागे सुमारे ९.१ मिग्रॅ. ऑक्सिजन असतो, तर ३०° से.ला सुमारे ७.६ मिग्रॅ. घरगुती सांडपाण्याची जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (बीओडी), म्हणजे त्यातील सेंद्रिय द्रव्य खाताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन, सामान्यतः लिटरमागे २०० ते ३०० मिग्रॅ. असते, हे लक्षात घेतले म्हणजे कच्चे सांडपाणी नदीवर सोपवण्याची मर्यादा उघड होते.

ही मर्यादा आकड्यांत बांधण्याचा महत्त्वाचा प्रयत्न ब्रिटनमधील सांडपाणी-विल्हेवाटविषयक राजआयोगाने (१८९८–१९१५) केला. १९१२ च्या आठव्या अहवालातील २० मिग्रॅ. बीओडी व ३० मिग्रॅ. निलंबित घनद्रव्य (पाण्यात तरंगत राहिलेले घन कण) हे लिटरमागचे मानक पुढे जगभर उचलले गेले. त्यामागची अट मात्र बरेचदा मागेच राहिली. अट अशी, की नदीत सोडलेल्या पाण्याच्या किमान आठपट स्वच्छ प्रवाह असावा. स्वच्छ नदीची मागणी २ मिग्रॅ. धरली, तर तिचे आठ भाग व २० मिग्रॅ.चा एक भाग मिळून मिश्रण बरोबर ४ मिग्रॅ.वर येते, आणि आयोगाच्या मते तीच सुरक्षित सीमा होती. बीओडी मोजण्याची रूढ चाचणी पाच दिवस चालते; ती पाच दिवसांचीच का, याविषयी ब्रिटिश नद्यांचे पाणी पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळते, असे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांत वारंवार येते. ही चाचणी टिकली त्याचे अधिक पटण्याजोगे कारण प्रयोगशाळेतले दिसते : पहिल्या पाच दिवसांत प्रामुख्याने कार्बनी द्रव्याचेच विघटन होते, अमोनियाचे नायट्रीकरण (जीवाणूंकडून नायट्रेटात रूपांतर) बहुधा त्यानंतर जोर धरते. ते टाळता मात्र येत नाही. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनाला सुमारे ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि तो अखेर नदीलाच पुरवावा लागतो.

पाणथळीचे कार्य : नदीकाठच्या किंवा मुद्दाम घडवलेल्या पाणथळीतून पाणी संथपणे नेले, की गाळ खाली बसतो, मुळांवर व खड्यांवर जीवाणूंचा बुळबुळीत थर वाढतो आणि ऑक्सिजनविरहित चिखलात नायट्रेटाचे नायट्रोजन वायूत रूपांतर होते. या तंत्राच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. केटे झायडेल यांनी १९५० च्या दशकात जर्मनीतील प्लोन येथे लव्हाळ्यासारख्या वनस्पतींवर प्रयोग केले व शुद्धीकरणाचे श्रेय बऱ्याच अंशी वनस्पतींना दिले. त्यांच्याबरोबर काही काळ काम केलेल्या राइनहोल्ड किकूट यांनी चिकणमातीयुक्त जमिनीचे वाफे वापरणारी ‘मूलक्षेत्र’ पद्धती पुढे आणली. मुळे वाढतील तशी माती अधिक पाझरती होईल, असा त्यांचा दावा होता. जर्मनीतीलच ओटफ्रेझेन येथे १९७४ मध्ये तिचा पूर्ण प्रमाणावर वापर झाला. डेन्मार्कमध्ये नंतर उभारलेल्या अशा अनेक वाफ्यांत माती अपेक्षेइतकी पाझरती झाली नाही, पाणी पृष्ठभागावरूनच वाहत गेले. आज खडीचे वाफे पसंत केले जातात ते त्यामुळेच. मुळे भोवतालच्या मातीत नेमका किती ऑक्सिजन सोडतात, याच्या अंदाजांत मोठी तफावत आहे. मुख्य काम जीवाणू करतात व वनस्पती त्यांना आसरा देतात, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

जागेचा हिशोब मोठा आहे. यूरोपीय प्रघातानुसार आडव्या प्रवाहाच्या वाफ्याला माणशी सुमारे ५ चौ. मी. जागा लागते, म्हणजे दहा लाख वस्तीसाठी ५०० हेक्टर. त्यामुळे मोठ्या शहरात पाणथळ ही यांत्रिक शुद्धीकरण केंद्राला पर्याय ठरण्यापेक्षा त्याच्यापुढची पायरी ठरते.

पुनर्वापर : कोरड्या ऋतूत अनेक शहरी नद्यांचा मूळ प्रवाह म्हणजे शुद्धीकरण केंद्रांतून सोडलेले पाणीच असते, आठपट प्रवाहाची अट तेथे मुळातच पुरी होऊ शकत नाही. कॅलिफोर्नियातील सँता ॲना नदी हे त्याचे ठळक उदाहरण. तिच्या प्रवाहाचा मोठा भाग प्राडो येथील सुमारे ४६५ एकरांच्या पाणथळीतून वळवून नायट्रेट कमी करतात व खालच्या अंगाला ते पाणी जमिनीत मुरवून भूजलसाठा भरतात. बर्लिन शहर निम्म्याहून अधिक पाणी नदी-तलावांच्या काठच्या विहिरींतून, वाळूतून झिरपल्यावर उचलते. पूर्व कोलकात्याच्या सुमारे १२,५०० हेक्टर पाणथळ प्रदेशात (२००२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) शहराच्या सांडपाण्यावर मत्स्यशेती व भाजीपाला पिकतो.

पात्राची पुनर्रचना : जर्मनीतील एम्शर नदी शतकाहून अधिक काळ उघडे गटार होती. कोळसाखाणींमुळे जमीन खचे आणि भूमिगत नळ फुटण्याची भीती असे, म्हणून मैला पात्रातूनच नेला जाई. खाणकाम उत्तरेकडे सरकल्यावर १९९० च्या दशकात काम सुरू झाले, ५१ किमी. लांबीची भूमिगत मुख्य वाहिनी बांधून २०२१ अखेर नदी सांडपाण्यापासून मुक्त करण्यात आली. आधी मैला वेगळा, मग पात्र मोकळे, हा क्रम येथे स्पष्ट दिसतो. म्यूनिकमध्ये ईझार नदीचा सुमारे ८ किमी.चा पट्टा २००० ते २०११ या काळात रुंद करून खडी-वाळूचा केला. पोहण्याच्या मोसमात वरच्या बाजूची केंद्रे पाणी अतिनील किरणांनी निर्जंतुक करून सोडतात. सिंगापूरच्या कल्लांग नदीचा २.७ किमी.चा काँक्रीट कालवा २०१२ पर्यंत वळणदार प्रवाहात बदलण्यात आला. सोलमधील चाँग्ग्येचॉन (२००५) येथे उन्नत महामार्ग पाडून ओढा उघडा केला, पण त्यातले पाणी मुख्यतः हान नदीतून पंपाने आणावे लागते; जलशुद्धीचे उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख जपून करावा.

मर्यादा : जड धातूंचा नाश होत नाही, ते गाळात साठतात व पुरात पुन्हा सुटतात. फॉस्फरसही मातीत एका हद्दीपर्यंतच धरला जातो. पाणथळीतील वनस्पती वेळच्या वेळी कापून बाहेर नेल्या नाहीत, तर कुजून त्याचा काही भाग पाण्यात परततो.