कर्ज कच्चं की मुदत चुकलेली?

एखादी फायनान्स कंपनी अडचणीत आली की लातूरच्या मोंढ्यात कुणीतरी म्हणतंच, "आता अमेरिकेसारखं होणार." अमेरिकेतलं 2008 चं आणि आपल्याकडचं 2018 चं, दोन्ही संकटांत घरकर्ज देणाऱ्या कंपन्या अडकल्या. पण रोग वेगळे, आणि मार बसलेली माणसंही वेगळी.

अमेरिकेत कर्जच कच्चं होतं. उत्पन्नाचा पुरावा धड न पाहता कर्जं वाटली. पहिली दोन वर्षं व्याज कमी, मग हप्ता चढायचा. घराचे भाव वाढत राहतील, नवं कर्ज काढून जुनं फेडू, या भरवशावर सगळं चाललं. वर कर्ज देणारा ते पुढे विकून मोकळा. आडत्यानं ऐपत न बघता उचल द्यावी आणि ती चिठ्ठी संध्याकाळी दुसऱ्याच्या गळ्यात मारावी, तसं. 2004 ते 2006 मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेनं व्याजदर 1 वरून 5.25 टक्क्यांवर नेला. पुढे घरांचे भाव पडले, लाखो कुटुंबांची घरं गेली आणि 15 सप्टेंबर 2008 ला लेहमन ब्रदर्स या तिथल्या मोठ्या गुंतवणूक बँकेनं दिवाळखोरी जाहीर केली.

आपल्याकडे घोळ मुदतीचा. गृहवित्त कंपन्या बाजारातून काही महिन्यांच्या बोलीवर पैसा उचलायच्या आणि 15-20 वर्षांच्या घरकर्जांत, बिल्डरांच्या प्रकल्पांत घालायच्या. महिन्याच्या वायद्यानं आणलेला पैसा आडत्यानं सोयाबीनची रास होईपर्यंत वाटून टाकावा, तशी गत. नवी उसनवारी मिळते तोवर कुणाला कळत नाही. 2018 मध्ये पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस या कंपनीनं देणी थकवली आणि बाजारानं सगळ्यांसाठीच हात आखडला. 2019 मध्ये डीएचएफएल ही गृहवित्त कंपनी थकली. नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेनं तिचं संचालक मंडळ बरखास्त केलं. तिथे गैरव्यवहाराचेही आरोप झाले. पण घरासाठी कर्ज घेतलेल्या सामान्य माणसाचा हप्ता होता तसाच चालू राहिला. त्याचं कर्ज नव्या मालकाकडे गेलं, एवढंच.

पोळला तो ठेवीदार. डीएचएफएलमध्ये मोठी मुदत ठेव ठेवलेल्यांना पूर्ण रक्कम मिळाली नाही. बीड, छत्रपती संभाजीनगरला पतसंस्थांच्या दारात रडणारी माणसंही ठेवीदारच होती, म्हणून हे कळकळीनं सांगतो: बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे. फायनान्स कंपनीतल्या ठेवीला नाही, आणि पतसंस्थेतल्याही नाही, मग तिच्या पाटीवर मल्टीस्टेट लिहिलेलं असो वा नसो.