पार्श्वभूमी : चेंबरच्या नटावरचा चुंबक

ऑइल बदलायला गाडी रॅम्पवर चढली की मेकॅनिक चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठणाऱ्या भांड्याचा, नट खोलतो आणि त्याचे टोक बोटाने पुसतो. नट चुंबकाचा असेल तर बोटाला करडी, मऊ साय लागते. मालक म्हणतो, एवढा कचरा इंजिनात फिरला असता. मेकॅनिक मात्र ती साय बोटांत चोळून तिच्यात काही टोचते का ते बघतो. नट एकच, पण मालकाला तो गाळणी वाटतो आणि मेकॅनिकला खबऱ्या. गेली काही दशके या दोन कामांची सरमिसळ झाली आहे. चुंबकाबद्दलचे बहुतेक वाद त्या सरमिसळीतून निघतात.

सुरुवातीच्या मोटारींत ऑइल फिल्टर नव्हता. पंपाच्या तोंडाशी जाळी, एवढेच. कापडी फिल्टर १९२३ च्या सुमारास अमेरिकेत आला, तरी पुढे बरीच वर्षे त्यातून तेलाचा थोडाच भाग जात असे, बाकीचे तसेच बेअरिंगला पोहोचायचे. आज हाताने फिरवून काढतो तो डबा-फिल्टर १९५० च्या दशकाच्या मध्याचा. जर्मनीची हवेने थंड होणारी ‘बीटल’ तर पुढेही जाळीवरच चालत राहिली. आपल्याकडच्या १०० सीसीच्या अनेक मोटारसायकलींनी वेगळी वाट धरली. क्रँकला जोडलेले एक भांडे गरगर फिरते आणि जड कण त्याच्या भिंतीला चिकटून बसतात, मग ते लोखंडाचे असोत की ॲल्युमिनियमचे. जिथे फक्त जाळी होती तिथे चुंबकाला गाळणी म्हणणे चूक नव्हते, कारण त्याहून बारीक पकडणारे दुसरे काही नव्हतेच.

मात्र चुंबकाचे खरे शिक्षण झाले ते विमानांत. विमानाच्या इंजिनात आणि हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये तेलाच्या वाटेवर चुंबकाचे बूच बसवतात. ठरावीक तासांनी ते काढायचे, चिकटलेला कीस पुसून घ्यायचा आणि भिंगाखाली बघायचा. पातळ पापुद्रा असेल तर बेअरिंगचा पृष्ठभाग सुटू लागला आहे. बारीक भुगा असेल तर नेहमीची झीज. पुढे या बुचाला वीज जोडली. दोन ध्रुवांमध्ये बारीक फट ठेवली, तिच्यात धातूची कपची आडवी पडली की मंडल पूर्ण होऊन वैमानिकासमोर दिवा लागतो.

पण बारीक भुगासुद्धा साचत साचत ती फट भरून काढायचा आणि दिवा उगीचच लागायचा. म्हणून नंतरच्या बुचांत विजेचा एक जोरदार झटका देऊन तो भुगा जाळून टाकण्याची सोय आली. झटक्याने विझला तर भुगा होता, तरीही दिवा पेटलेलाच राहिला तर कपची आहे, उतरा. म्हणजे ज्या क्षेत्रात हे साधन घडले, तिथे बारीक भुगा हा अडथळा होता. मोटारीच्या सामानाच्या बाजारात तोच भुगा चुंबकाच्या कर्तबगारीचा पुरावा म्हणून दाखवला जातो. या उलटापालटीबद्दल पुरेसे बोलले जात नाही, असे मला वाटते.

१९७० च्या दशकात तेलातले कण काचपट्टीवर आकारानुसार मांडून तपासण्याची पद्धत आली. तिच्यातही चुंबक कण मांडून दाखवतो, तेल साफ करत नाही.

नटावरच्या चुंबकाचा अर्थ बदलला तो नव्या चुंबकांमुळे. जुने पोलादी चुंबक दुबळे होते, धक्क्यानेही जोर गमवायचे. १९३१ मध्ये जपानमध्ये ॲल्युमिनियम-निकेलच्या मिश्रधातूचा चुंबक निघाला, १९५० च्या दशकात स्वस्त फेराइट आले आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तळात कारखान्यातूनच बसू लागले. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जपान आणि अमेरिकेत जवळपास एकाच वेळी निओडिमियमचा चुंबक तयार झाला. तो संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये गेला आणि डिस्क भंगारात निघाल्या तसा हौशी लोकांच्या हाती आला. फिल्टरच्या डब्याला बाहेरून चिकटवायचे चुंबक, चुंबकी नट, कडी, पट्टे हे सगळे त्यानंतर फोफावले.

या जोरकस चुंबकाला उष्णता सोसत नाही. साध्या प्रतीचा निओडिमियम सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंतच भरवशाचा. इंजिनातले तेल हमरस्त्यावर सहज शंभरीला टेकते. जास्त तापला तर गेलेला जोर थंड झाल्यावर पुरता परत येत नाही. उष्णता सोसणाऱ्या प्रती मिळतात, समेरियम-कोबाल्ट तर त्याहून टिकाऊ, पण महाग. नट घेताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दुसरी अडचण आकाराची. कणाचा व्यास निम्मा झाला की चुंबकाची ओढ आठपटीने घटते, तेलाचा प्रवाहाबरोबर नेणारा जोर मात्र निम्माच होतो. म्हणून फार बारीक कण निसटतात; थांबतात ते चुंबकाच्या अगदी जवळून, संथपणे जाणारे. अपाय सर्वांत जास्त करतात ते बेअरिंगमधल्या तेलाच्या पापुद्र्याएवढ्या जाडीचे, काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण. १९८८ साली अमेरिकेत मुद्दाम धूळ घालून केलेल्या चाचण्यांत ४० मायक्रॉनच्या फिल्टरऐवजी १५ मायक्रॉनचा लावल्यावर झीज सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाली. हे यश फिल्टरमधल्या कागदाचे होते, चुंबकाचे नव्हे. आणि रस्त्यावरची धूळ म्हणजे वाळूचा अंश. तिला चुंबक शिवतही नाही. पिस्टनचे ॲल्युमिनियम, बेअरिंगमधले तांबे, शिसे, कथील यांचेही तसेच.

मग गिअरबॉक्सला कारखान्यातून चुंबक आणि इंजिनाला बहुधा नाही, असे का? हाताने गिअर टाकायच्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सला फिल्टरच नसतो, आणि दाते पोलादाचे. तिथे चुंबक एकटाच राखणदार आहे. इंजिनात कागद आधीच पहाऱ्यावर बसलेला असतो. चुंबकाचे विरोधक म्हणतात, फिल्टरच्या डब्यावरचा चुंबक निघाला की साठलेला गाळ एकदम सुटेल. ही भीती फुगवलेली आहे: तेल कागदाच्या बाहेरच्या बाजूने आत येते, त्यामुळे सुटलेला गाळ कागदापुढेच अडतो. चिकटवलेला चुंबक नटापासून तुटून चेंबरमध्ये पडण्याची भीती जास्त खरी. म्हणून चुंबक नटात दाबून, नीट अडकवून बसवलेला हवा.

नव्या इंजिनाच्या पहिल्या ऑइल बदलीला नटावर साय भरपूर असते. रिंगा आणि सिलिंडर एकमेकांना बसत असतात. पुढच्या बदल्यांत ती कमी व्हायला हवी. वाढत गेली, किंवा सायीत नखाला टोचणारी कपची सापडली, तर चेंबर उतरवून बघावे लागते. बेअरिंगचे तांबे सुटले असेल तर नट स्वच्छच राहील. ती चकाकी काढलेले तेल उन्हात धरल्यावर दिसते.