कट कशाला म्हणायचं?

वाशीच्या फळबाजारात हापूसचे सौदे वर्षानुवर्षं रुमालाखाली होत आले. विकणारा आणि घेणारा कापडाखाली एकमेकांचा हात धरतात, बोटं दाबून भाव ठरतो, शेजारच्या गाळ्याला आकडा कळत नाही. दोघांनी ठरवलं, तेही गुपचूप. मग हा कट झाला का? घेणारा-देणारा म्हणतील, ही तर बाजाराची रीत. ज्याला आपल्या आंब्याचा खरा भावच कळत नाही, तो बागायतदार मात्र तसं म्हणणार नाही.

कांदा-बटाटा मार्केटमध्ये नेमकं उलटं. पावसाळा सरताना कांदा महागला की ठाण्यापासून पनवेलपर्यंत सगळे म्हणतात, ‘व्यापाऱ्यांनी मिळून माल दाबलाय.’ तसं असूही शकतं. पण चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा तोवर सडू लागतो, कोंब फुटतात, वजन घटतं. खरिपाचा लाल कांदा यायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो, आवक रोडावते. लासलगावचा भाव सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी येतो आणि जो तो आपापला हिशोब करून दर वाढवतो. गिऱ्हाइकाच्या खिशाला चाट तेवढीच बसते, पण कुणी कुणाशी काही ठरवलेलं नसतं.

कायदा याच ‘ठरवण्या’वर बोट ठेवतो. आधीच्या भारतीय दंड संहितेचं कलम १२०-अ आणि तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ६१, दोन्हींचा गाभा एकच: दोन किंवा अधिक माणसांनी बेकायदा गोष्ट करण्याचं आपसात ठरवणं. २००२ चा स्पर्धा कायदा तर लेखी कराराचीही अट घालत नाही, आपसातली नुसती तोंडी समजूत पुरते.

कटाच्या संशयाकडे कसं पाहावं, यावर अभ्यासकांचं मात्र एकमत नाही. काही मानसशास्त्रज्ञ ‘कटाचा सिद्धान्त’ हे शब्द निराधार समजुतीसाठीच वापरतात. चार्ल्स पिग्डन यांच्यासारख्या तत्त्वज्ञांना ते मान्य नाही. इतिहासात खरे कट भरपूर झालेत, मग कटाचा नुसता संशय घेणाऱ्याला आधीच वेडा का ठरवायचं, हा त्यांचा सवाल. मला तो पटतो. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने सिफिलिस झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना ठेवलं, पेनिसिलिन हाताशी आल्यावरही. १९७२ च्या आधी हे कुणी बोललं असतं तर किती जणांनी ऐकून घेतलं असतं?

म्हणून संशयाची टिंगल नको, त्याच्याकडे पुरावा मागावा. १९२० च्या दशकात बड्या बल्ब कंपन्यांनी फीबस नावाचा गट करून बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणलं. ही ऐकीव गोष्ट नव्हे. कारखान्यांचे बल्ब स्वित्झर्लंडमधल्या प्रयोगशाळेत तपासले जात आणि जास्त टिकणाऱ्या बल्बबद्दल दंड बसे. त्याच्या नोंदी सापडल्या आहेत. कांद्याच्या भावामागे संगनमत असेल, तर तिथेही असंच काहीतरी हाती लागायला हवं: आधी ठरलेला दर, वाटून घेतलेली गिऱ्हाइकं, किंवा दर मोडणाऱ्याला बसलेला दंड.