इंडक्शन मोटर : नियंत्रण व दोषनिदान

प्रत्यावर्ती विजेवर चालणारी आणि फिरत्या भागाला बाहेरून तार न जोडता, केवळ प्रवर्तनाने त्यात प्रवाह उत्पन्न करणारी मोटर, तिचा वेग व पीळ (टॉर्क) ताब्यात ठेवण्याच्या पद्धती आणि तिच्यातील बिघाड ती जळण्याआधी ओळखण्याचे उपाय हा या नोंदीचा विषय आहे. परिभाषेत हिला ‘प्रवर्तन चलित्र’ म्हणतात. कारखान्यात आणि विहिरीवर ‘इंडक्शन मोटर’ हेच नाव चालते, म्हणून येथेही तेच ठेवले आहे. नियंत्रण आणि दोषनिदान ही दोन स्वतंत्र प्रकरणे मानण्याची पाठ्यपुस्तकांची रीत आहे. येथे ती एकत्र घेतली आहेत, कारण दोन्ही शास्त्रे एकाच गोष्टीवर उभी आहेत : स्टेटरच्या, म्हणजे मोटरीच्या स्थिर भागाच्या, तारांतून वाहणारा प्रवाह आणि त्यात उमटणारी स्लिप.

तीन फेजचा प्रवाह स्टेटरच्या वाइंडिंगमधून गेला की एक फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यावर चार ध्रुवांच्या मोटरीत हे क्षेत्र मिनिटाला १,५०० फेरे घेते. रोटर, म्हणजे फिरता भाग, त्याच्या मागे धावतो, पण त्याला कधी गाठत नाही. गाठले तर रोटरच्या सळ्यांना क्षेत्र स्थिर भासेल, प्रवर्तन थांबेल आणि पीळही शून्य होईल. नामपट्टीवर १,४४० फेरे लिहिलेली मोटर ६० फेऱ्यांनी, म्हणजे ४ टक्क्यांनी मागे असते. ही तिची स्लिप. त्या वेळी रोटरमधील प्रवाहाची वारंवारता अवघी २ हर्ट्‌झ असते. हे २ हर्ट्‌झ पुढे दोषनिदानात पुन्हा भेटतील.

उगम : या मोटरीचा जनक कोण, हा वाद सव्वाशे वर्षे चालू आहे. १८२४ च्या सुमारास फ्रांस्वा आरागो यांनी तांब्याची चकती फिरवली असता तिच्यावर टांगलेली चुंबकसुई ओढली जाते हे दाखवले. फॅराडे यांच्या १८३१ च्या प्रयोगांनंतर त्याचा अर्थ लागला. वॉल्टर बेली यांनी १८७९ मध्ये लंडनच्या फिजिकल सोसायटीपुढे याच्या उलट प्रयोग केला. चार विद्युत्‌चुंबकांना बॅटरीचा प्रवाह आलटूनपालटून देत त्यांनी वरची चकती फिरवली. प्रवाहाची अदलाबदल मात्र हाताने फिरवलेल्या कम्युटेटरने (प्रवाह पालटणाऱ्या साधनाने) होत होती, त्यामुळे याला मोटर म्हणणे कठीण आहे.

खरा वाद गॅलिलेओ फेरारिस आणि निकोला टेस्ला यांच्यातला. तुरिनचे प्राध्यापक फेरारिस यांनी दोन वेगळ्या कलांतील प्रवाहांनी फिरते क्षेत्र निर्माण करून तांब्याचा दंडगोल फिरवला. हे प्रयोग १८८५ चे मानले जातात, पण निबंध तुरिनच्या विज्ञान अकादमीपुढे आला मार्च १८८८ मध्ये. टेस्ला यांनी अमेरिकेत पेटंटांचे अर्ज ऑक्टोबर १८८७ पासून केले, १ मे १८८८ रोजी त्यांना पेटंटे मिळाली आणि त्याच महिन्यात अमेरिकन विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्यांचे व्याख्यान झाले. प्रयोगाची तारीख धरली तर फेरारिस आधी, अर्जाची धरली तर टेस्ला. इटालियन ग्रंथकार पहिल्या बाजूने लिहितात, अमेरिकन दुसऱ्या. शोध दोघांनी स्वतंत्रपणे लावला हे मत अधिक सयुक्तिक दिसते. फेरारिस यांनी स्वतःच्या यंत्राला फारसे भवितव्य दिले नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. सर्वाधिक शक्ती मिळते त्या बिंदूचा विचार करून, अशी मोटर निम्म्याहून अधिक कार्यक्षम होणार नाही असा निष्कर्ष त्यांनी काढला. गणित बरोबर होते, पण मोटर त्या बिंदूवर चालवायची नसते. तिला चार-पाच टक्के स्लिपवर चालवले की रोटरमधला व्यय तेवढाच राहतो.

या वादात तिसरे नाव मागे पडते, आणि ते पडू नये. आज वापरात असलेली मोटर, म्हणजे तीन फेजची, पसरलेल्या वाइंडिंगची आणि पिंजऱ्याच्या रोटरची, ही मुख्यतः मिखाइल दोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी बर्लिनच्या एईजी कंपनीत १८८९ च्या आसपास घडवली. १८९१ च्या फ्रँकफुर्ट प्रदर्शनात लाउफेनहून सुमारे १७५ किलोमीटर अंतरावरून आणलेल्या तीन फेजच्या विजेवर त्यांची १०० अश्वशक्तीची मोटर कृत्रिम धबधब्याचे पाणी चढवीत होती. सुरू करताना रोटरमध्ये बाहेरून रोध जोडण्याची स्लिप-रिंगची रचनाही त्यांच्याच नावावर आहे. म्हणजे मोटर आणि तिचे नियंत्रण एकाच हातून, जवळजवळ एकाच वेळी आले.

नियंत्रण : थेट जोडलेली मोटर सुरू होताना पूर्ण भाराच्या सहा-सात पट प्रवाह खेचते. तो आटोक्यात ठेवणे ही नियंत्रणाची पहिली पायरी. लहान मोटरीला थेट स्टार्टर पुरतो. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये सुरुवातीला प्रत्येक वाइंडिंगला ५८ टक्केच व्होल्टेज मिळते, त्यामुळे लाइनमधला प्रवाह एक-तृतीयांश होतो; पीळही एक-तृतीयांशच राहतो. पीळ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो हा नियम येथे निर्णायक आहे. व्होल्टेज ८० टक्क्यांवर आले की पीळ ६४ टक्क्यांवर येतो.

वेग बदलणे अधिक अवघड. ध्रुवांची संख्या बदलून किंवा दोन मोटरी साखळीने जोडून ठरावीक दोन-तीन वेग मिळत. उत्तर इटलीच्या व्हाल्तेलिना रेल्वेत १९०२ पासून कालमान कांदो यांनी अशाच तऱ्हेने तीन फेजच्या गाड्या चालवल्या. अखंड वेगबदलासाठी वारंवारताच बदलावी लागते, आणि ते मोठ्या प्रमाणावर जमले ते पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे घटक आल्यावर. व्होल्टेज आणि वारंवारता यांचे गुणोत्तर स्थिर ठेवणे हा सर्वांत साधा नियम. त्याने क्षेत्राची तीव्रता टिकते. फार कमी वेगाला स्टेटरच्या रोधात व्होल्टेज खर्च होते, म्हणून तेथे थोडे जादा व्होल्टेज द्यावे लागते.

व्हेक्टर नियंत्रणाची कल्पना अशी : फिरत्या क्षेत्राबरोबर आपणही फिरत आहोत असे समजून स्टेटरच्या प्रवाहाकडे पाहायचे. मग त्याचे दोन स्थिर भाग दिसतात. एक क्षेत्र सांभाळतो, दुसरा पीळ देतो, आणि डीसी मोटरीप्रमाणे दोघांना वेगवेगळे हाताळता येते. या रूपांतराचे गणित रॉबर्ट पार्क यांनी १९२९ मध्ये सिंक्रोनस यंत्रांसाठी दिले होते. इंडक्शन मोटरीवरील वापराचे श्रेय बहुतेक ग्रंथ सीमेन्सच्या फेलिक्स ब्लाश्के यांना, १९७० च्या दशकाच्या आरंभी, देतात. दार्मश्टाट येथील के. हासे यांचा प्रबंध मात्र १९६९ चा आहे आणि आज कारखान्यांत रूढ असलेली अप्रत्यक्ष पद्धत त्याच्याशी अधिक जुळते. थेट पीळ-नियंत्रणाची कथा अशीच : जपानमध्ये ताकाहाशी व नोगुची, जर्मनीत देपेनब्रोक, दोन्हीकडे १९८० च्या दशकाच्या मध्यास.

भारतात या तंत्राचा मोठा वापर रेल्वेत झाला. एबीबीच्या तंत्रावरील तीन फेजची विद्युत् इंजिने १९९० च्या दशकाच्या मध्यास आली, आणि मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २००७ पासून इंडक्शन मोटरींच्या लोकल धावू लागल्या. फलाटावरून गाडी सुटताना टप्प्याटप्प्याने चढत जाणारा सूर ऐकू येतो, तो इन्व्हर्टरने (वारंवारता बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक साधनाने) मोटरीला दिलेल्या बदलत्या स्पंदांचा.

दोष : १९८० च्या दशकातील अमेरिकन पाहण्यांत सुमारे चार-दशांश बिघाड बेअरिंगचे, त्याहून थोडे कमी स्टेटरचे आणि एक-दशांशाच्या आसपास रोटरचे आढळले. हे आकडे आजही प्रत्येक लेखाच्या पहिल्या परिच्छेदात येतात. त्या पाहण्या वीजकेंद्रे व मोठ्या उद्योगांतील मोठ्या मोटरींच्या होत्या, हे सहसा सांगितले जात नाही. पाच एचपीच्या कृषिपंपाला ते प्रमाण लावू नये. तेथे वाइंडिंग जळणे हाच प्रमुख दोष आहे आणि त्याचे मूळ बहुधा मोटरीबाहेर असते.

स्टेटरचे दोष इन्सुलेशनपासून सुरू होतात. बी वर्गाचे इन्सुलेशन १३० अंश सेल्सिअस, एफ वर्गाचे १५५ अंश सोसते. त्यावर दर सुमारे दहा अंशांना आयुष्य निम्मे होते असा ठोकताळा आहे. एकाच कॉइलमधील दोन वेढे चिकटले की त्या बंद वेढ्यात प्रचंड प्रवाह फिरतो, पण लाइनवर फरक थोडाच दिसतो. मेगर (इन्सुलेशन तपासण्याचे उपकरण) तारा आणि बॉडी यांच्यातला रोध मोजतो, म्हणून असा दोष त्याला कळत नाही. त्यासाठी तीन प्रवाहांतील असमतोल, म्हणजे ऋण क्रमाचा घटक, पाहावा लागतो. मात्र पुरवठ्याच्या व्होल्टेजमधील एक टक्का असमतोलही प्रवाहात सहा ते दहा टक्के असमतोल आणतो, त्यामुळे आधी पुरवठा तपासणे भाग आहे.

महाराष्ट्रातील शेतीपंपांच्या बाबतीत याचे टोकाचे रूप म्हणजे सिंगल फेजिंग, तीनपैकी एक फेज जाणे. गेलेली वीज परत आली की एका डीपीवरचे (ट्रान्सफॉर्मरवरचे) सगळे ‘ऑटो’, म्हणजे आपोआप चालू होणारे स्टार्टर, एकदम मोटरी सुरू करतात. व्होल्टेज बसते, पीळ वर्गाने घटतो, मोटरी उठायला वेळ घेतात आणि तेवढा वेळ जबर प्रवाह चालू राहून एखादा डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज) उडतो. उच्च दाबाच्या बाजूचा एक डीओ गेला तर डेल्टा-स्टार जोडणीच्या ट्रान्सफॉर्मरवर दोन फेजना निम्मे व्होल्टेज उरते. तीनही तारांना टेस्टर लागतो, दोन फेजवरचे दिवे मंद जळतात, आणि मोटर नुसती घुमते. आधीपासून चालू असलेली मोटर तर गेलेल्या फेजवर स्वतःच व्होल्टेज उभे करते. त्यामुळे केवळ व्होल्टेज पाहणारा प्रिव्हेंटर (फेज गेल्यास मोटर बंद करणारे साधन) फसू शकतो. प्रवाह पाहणारा फसत नाही. जळालेली मोटर रिवाइंडिंगवाल्याने उघडली की कारण कॉइलांवर लिहिलेले असते. चार ध्रुवांच्या मोटरीत बारा गट असतात. स्टार जोडणीत दोन गट काळे, एक चांगला, असा क्रम दिसतो. डेल्टात दर तिसरा गट काळा आणि मधले दोन तांबूस, नव्यासारखे. सगळेच गट सारखे करपले असतील तर दोष फेजचा नसून अतिभाराचा किंवा अडकलेल्या पंपाचा असतो. हे निदान मोटर गेल्यानंतरचे असले तरी पुढची मोटर वाचवण्यासाठी त्याइतके खात्रीचे दुसरे नाही, आणि ते शेतकऱ्याला दाखवून मगच कॉइली काढल्या जाव्यात.

रोटरची सळी तुटणे हा दोष संख्येने कमी, पण दोषनिदानाचे शास्त्र घडले ते त्याच्यावर. वारंवार सुरू होणाऱ्या, जड फिरता भार ओढणाऱ्या मोटरींत सळी आणि टोकाचे कडे यांच्या सांध्याला तडा जातो. तिचा प्रवाह शेजारच्या सळ्यांवर येतो आणि त्याही क्रमाने जातात. सळी तुटली की रोटरची सममिती मोडते आणि रोटरच्या तुलनेत उलट फिरणारे एक क्षेत्र निर्माण होते. वरच्याच १,४४० फेऱ्यांच्या मोटरीत रोटर ४८ हर्ट्‌झशी समतुल्य वेगाने पुढे जातो आणि हे क्षेत्र २ हर्ट्‌झने मागे. म्हणून स्टेटरला ते ४६ हर्ट्‌झचे भासते. त्याने पिळात सेकंदाला चार हेलकावे येतात, वेग डगमगतो आणि ५४ हर्ट्‌झचा दुसरा घटक उमटतो. मुख्य वारंवारतेच्या दोन्ही अंगांना, स्लिपच्या दुप्पट अंतरावर उभ्या राहणाऱ्या या दोन रेषा म्हणजे तुटलेल्या सळीची ओळख. एक टक्का स्लिपच्या मोठ्या मोटरीत हाच हेलकावा सेकंदाला एकदा येतो आणि ॲमीटरचा डुलणारा काटा नुसत्या डोळ्यांनीही दिसतो.

डाव्या रेषेची उंची मुख्य घटकापेक्षा ४५ डेसिबलने, म्हणजे सुमारे पावणेदोनशे पटींनी कमी असेल तर संशय घ्यावा, फरक ३५ डेसिबलपर्यंत घटला तर मोटर उघडावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. भार हलका असताना रेषा मुख्य घटकाला चिकटतात. १,४९४ फेऱ्यांवर त्या ४९.६ आणि ५०.४ हर्ट्‌झवर असतात आणि त्या वेगळ्या दिसण्यासाठी प्रवाहाची नोंद कित्येक सेकंद स्थिर भारावर घ्यावी लागते. पिस्टनचा कॉम्प्रेसर किंवा गिअरबॉक्सवरचा सावकाश हेलकावणारा भार अशाच रेषा उमटवतो. तेथे घाईने निष्कर्ष काढू नये. या पद्धतीचा आरंभही एका ठिकाणी दाखवता येत नाही. ब्रिटनमध्ये हार्गिस, गेडन व कमाश यांचा निबंध १९८२ चा, ॲबर्डीनचे विल्यम थॉमसन यांचे तेलउद्योगातील काम त्याच सुमाराचे. अणुकेंद्रांतील मोटरचलित झडपांसाठी अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेने ती १९८० च्या दशकातच विकसित केली.

बेअरिंगचे दोष मुख्यतः कंपनांवरून ओळखले जातात. बाहेरच्या कड्यावरील खड्ड्याची वारंवारता ढोबळमानाने गोळ्यांची संख्या गुणिले फिरण्याचा वेग गुणिले ०.४ अशी येते. नऊ गोळ्यांच्या ६२०५ बेअरिंगला १,४४० फेऱ्यांवर ती ८६ हर्ट्‌झच्या आसपास असते. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या मोटरीत शाफ्टमधून बेअरिंगमार्गे प्रवाह जाऊन कड्यांवर धुण्याच्या फळीसारख्या समांतर रेघा पडतात. इन्सुलेटेड बेअरिंग किंवा शाफ्टला अर्थिंगचा ब्रश हा त्यावरचा इलाज.

यंत्रशिक्षणाच्या (मशीन लर्निंगच्या) दोषनिदान-पद्धतींवर अलीकडे पुष्कळ लेखन होत आहे. त्यातील मोठा भाग अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व विद्यापीठाच्या एकाच नोंदसंचावर आधारलेला आहे. दोन अश्वशक्तीच्या मोटरीच्या बेअरिंगमध्ये विद्युत् ठिणगीने मुद्दाम पाडलेले खड्डे त्यात आहेत. शिकवणी आणि परीक्षा एकाच बेअरिंगच्या नोंदींतून झाली तर जवळजवळ शंभर टक्के यश मिळते; नैसर्गिक झिजेच्या, वेगळ्या बेअरिंगवर ते टिकत नाही.

नियंत्रण आणि दोषनिदान यांचा खरा संघर्ष व्हेक्टर पद्धतीत दिसतो. नियंत्रकाचे काम प्रवाह ठरवून दिल्याप्रमाणे ठेवणे. तुटलेल्या सळीने आणलेला हेलकावा त्याला अडथळा वाटतो आणि तो व्होल्टेज बदलून त्याला दाबतो. प्रवाहातील रेषा खुजी होते आणि तीच खूण व्होल्टेजच्या आज्ञेत उमटते. नियंत्रक जितका चपळ तितकी ती प्रवाहातून अधिक नाहीशी होते. म्हणून थेट पुरवठ्यासाठी ठरवलेल्या डेसिबलच्या मर्यादा येथे चालत नाहीत. प्रवाह आणि व्होल्टेजची आज्ञा दोन्ही एकत्र वाचावी लागतात. जेथे बायपासची, म्हणजे नियंत्रक वगळून मोटर चालवण्याची, सोय आहे तेथे मोटर काही मिनिटे थेट लाइनवर, भरल्या भाराने चालवून नोंद घेणे हा सोपा मार्ग आहे.