बालगृहाला मदत आणि मुलांचा फोटो: वादाची पार्श्वभूमी

वाढदिवसाला बालगृहात केक कापला, मुलांना जेवण दिलं, आणि फोटो काढायला मोबाइल बाहेर काढताच अधीक्षकांनी अडवलं. ही तक्रार आता जवळपास प्रत्येक शहरात ऐकू येते. देणगीदार दुखावतो. आपण काही चोरी करायला आलो नव्हतो, चार लोकांनी पाहिलं तर तेही मदत करतील, असं तो म्हणतो. संस्थेचीही अडचण खरी असते. तिला त्या माणसाचा पैसा हवा असतो, पुढच्या वर्षी तो परत यायलाही हवा असतो, पण फोटो देता येत नाही. हा वाद गेल्या दहा वर्षांत पेटला असला, तरी समाजाच्या पैशावर बालगृह चालवण्याची जी पद्धत आपल्याकडे पडली, तिच्यातच त्याचं मूळ आहे.

पुण्यात १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह निघालं. ते कुणी काढलं हे मराठी वाचकाला सांगायला नको. पंढरपूरला १८७५ मध्ये तशाच कामासाठी आश्रम उभा राहिला. क्षेत्राच्या ठिकाणी विधवा बाया येत आणि मुलं मागे राहत, त्यामुळे त्या गावात त्याची निकड जास्त होती. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा दख्खनचा दुष्काळ आला, आणि शतक संपता संपता आणखी दोन. दुष्काळाने पोरकी झालेली मुलं हजारोंनी होती आणि त्यांना सांभाळायला गावाकडे पैसा नव्हता. पुण्याजवळ केडगावला या काळात पंडिता रमाबाईंचं जे मोठं काम उभं राहिलं, त्यामागे अमेरिकेतून येणारा निधी होता. त्याच कामाच्या आधीच्या टप्प्यावर, १८९३ मध्ये, धर्मांतराच्या संशयावरून पुण्यात मोठं वादळ उठलं होतं. पैसा कुणाचा आणि तो देणाऱ्याला बदल्यात काय हवं, हा प्रश्न तेव्हापासून या कामाला चिकटला.

देशी पैसा उभा करण्याच्या वाटा वेगळ्या होत्या. माधुकरी होती, वार लावून जेवणं होतं, घरोघरी मूठमूठ धान्य बाजूला काढणं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोल्हापूर, पुणे, सातारा इथे गरीब आणि पोरक्या मुलांची जी वसतिगृहं निघाली, त्यांना या सवयींचा मोठा आधार होता. यात एक गोष्ट चांगली होती. देणारा आणि मूल रोज समोरासमोर येत, आणि मुलाचा मान राखायचा की नाही हे तिथल्या तिथे ठरत असे. वाईट गोष्टही होती. वार लावून जेवणारा मुलगा कुठल्या जातीचा, यावर त्याचं ताट कुठे मांडायचं ते ठरत असे. जुन्या दातृत्वाचं कौतुक करताना ही बाजू गाळली जाते, ती गाळू नये.

सरकार यात उतरलं ते १९२४ च्या मुंबई बालक कायद्याने. मुंबई शहरात त्याची अंमलबजावणी १९२७ च्या सुमाराला सुरू झाली, रिमांड होम हा शब्द घराघरात गेला, आणि १९४८ मध्ये नवा कायदा आला. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे गेले. १९६० मध्ये अनाथालयांवर देखरेख ठेवण्यासाठी केंद्राचाही कायदा झाला. खाजगी संस्थांना सरकारी अनुदान मिळू लागलं ते दरडोई, म्हणजे मुलामागे दरमहा अमुक रुपये. ही रक्कम कधीच पुरेशी नव्हती आणि वेळेवर तर क्वचितच मिळाली. अनुदान रखडलं की किराणा दुकानदार उधारी देतो, पण मुलांना आंघोळ घालणाऱ्या, रात्री ताप आला तर जागणाऱ्या बाईचा पगार उधारीवर होत नाही. ही फट भरायला समाजाकडे जावं लागलं, आणि समाजाने जे देणं स्वतःला सोपं वाटलं ते दिलं: जेवण.

साठ ते नव्वदच्या दशकांतली निधी जमवण्याची साधनं अजून अनेकांच्या आठवणीत असतील. पावती पुस्तकं घेऊन हिंडणारे कार्यकर्ते, दुकानातल्या गल्ल्याशेजारची देणगीपेटी, जाहिराती मिळवून काढलेली स्मरणिका, संस्थेच्या मदतीसाठी लावलेला नाटकाचा प्रयोग. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी १९७८ साली एकत्र येऊन इथल्या सामाजिक कामांना पैसे पाठवायला सुरुवात केली, त्यातून पुढे मोठा आधार मिळाला. कसलंही अनुदान न घेता गावोगाव भाषणं करून, पदर पसरून शेकडो मुलं वाढवणाऱ्या सिंधुताई सपकाळांसारख्या माईही याच महाराष्ट्राने पाहिल्या.

या सगळ्यात सर्वाधिक विश्वासाचं साधन होतं कायम तिथी. वडिलांच्या नावाने एकरकमी ठेव द्यायची, आणि तिच्या व्याजातून दरवर्षी त्यांच्या तिथीला मुलांना जेवण मिळायचं. १९९५ च्या आसपास दहा हजारांच्या ठेवीवर बारा टक्क्यांनी बाराशे रुपये येत. पन्नास मुलांचं गोडाचं जेवण त्यात सहज व्हायचं. २०२० नंतर साडेपाच टक्क्यांनी त्याच ठेवीवर साडेपाचशे रुपये येऊ लागले, आणि तेलाचा डबा कुठल्या कुठे गेला. तिथी मात्र पाळावीच लागते, कारण दिलेला शब्द आहे. जुन्या संस्थांच्या ताळेबंदात ठेवी दिसतात आणि हातात पैसा नसतो, याचं एक कारण हे आहे.

आता फोटोकडे. तो या साधनांच्या जोडीला आधीपासून होता. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर मुलांची रांग असायची, आत नावं, कुठल्या गावाहून आणलं, आई कशाने गेली याच्या हकिकती असायच्या. त्यामागे वाईट हेतू नव्हता. देणगीदाराला विश्वास वाटावा म्हणून हे छापलं जाई. पण ज्या मुलीची हकिकत छापली, तिला तिच्या शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी तो अहवाल दिसला तर काय, हा विचार कुणी केला नाही.

कायद्यात ओळख उघड करण्यावर बंदी बरीच जुनी आहे. १९८६ च्या बाल न्याय कायद्यात ती होती, पण दंड एक हजार रुपयांपर्यंत. २००० च्या कायद्याने बंदी ठेवली, ती मुख्यतः गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांपुरती. २००६ च्या दुरुस्तीने काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली मुलंही, म्हणजे बालगृहातली मुलं, त्यात आली आणि दंड पंचवीस हजारांवर गेला. २०१५ चा कायदा १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला. त्याच्या कलम ७४ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अधीक्षकांचा हात मोबाइलकडे जातो तो या कलमामुळे.

गुंता कलमाच्या भाषेत आहे. त्याची सुरुवात चौकशी, तपास किंवा न्यायिक प्रक्रियेविषयीच्या वृत्ताने होते. अशा वृत्तात मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असा तपशील देता येणार नाही, आणि अशा मुलाचं छायाचित्रही प्रसिद्ध करता येणार नाही. यावर काही संस्थाचालकांचं म्हणणं असं की, हे वर्तमानपत्रांसाठी आहे. वाढदिवसाचा केक म्हणजे तपास नव्हे, आणि वार्षिक अहवाल म्हणजे वृत्त नव्हे. दुसरी बाजू म्हणते की बालगृहातलं प्रत्येक मूल बाल कल्याण समितीच्या आदेशाने तिथे आलेलं असतं. त्याचं तिथे असणं हाच त्या प्रक्रियेचा भाग आहे, त्यामुळे ‘अमुक बालगृहातला मुलगा’ एवढ्यानेच ते उघड होतं. शिवाय खाजगीपणा आणि गोपनीयता हे त्याच कायद्याच्या कलम ३ मध्ये मूलभूत तत्त्व म्हणून सांगितलं आहे. मुलाच्या हिताचं असेल तर बाल न्याय मंडळ किंवा बाल कल्याण समिती लेखी कारण देऊन परवानगी देऊ शकते, अशी सोयही कलमात आहे. देणगी मिळवणं हे त्या मुलाचं हित की संस्थेचं, यावर मतं पुन्हा फुटतात.

आणखी एक गाठ आहे. सापडलेल्या किंवा टाकून दिलेल्या बाळाला दत्तक देण्याआधी त्याचे पालक शोधायचे असतात, आणि त्यासाठी दत्तक नियमावलीच त्या बाळाचा फोटो वर्तमानपत्रात छापायला लावते. म्हणजे एकाच व्यवस्थेत एक फोटो छापला नाही तर नियम मोडतो आणि दुसरा छापला तर कायदा मोडतो. टीका करणारे हे उदाहरण नेहमी देतात. माझ्या मते ते इथे लागू पडत नाही. पहिला फोटो मुलाला त्याचं माणूस परत मिळावं म्हणून आहे, ते झालं नाही तर नवं घर मिळावं म्हणून आहे, आणि त्याचं काम काही आठवड्यांत संपतं. दुसरा फोटो मुलाच्या कुठल्याच कामाचा नाही आणि समाजमाध्यमांवर तो कायम राहतो. पंचवीस वर्षांची झालेली मुलगी लग्नाची बोलणी करताना, किंवा मुलगा नोकरीच्या मुलाखतीला जाताना, दहाव्या वर्षी कुणीतरी टाकलेला केकचा फोटो शोधून काढणं आज अवघड नाही. कलमाची भाषा अधिक नेमकी हवी होती हे खरं. पण तिच्यातून पळवाट काढून फोटो टाकणाऱ्या संस्थेने त्या मुलाची संमती कशी घेतली, हा प्रश्न उरतोच. ज्याचं जेवण देणगीदाराच्या हातात आहे, त्याच्या होकाराला संमती म्हणता येत नाही.

ही बंदी कडक झाली त्याच काळात पैशाच्या बाजूने उलटा रेटा सुरू झाला. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. अनाथ मुलांसाठी घरं आणि वसतिगृहं उभारणं त्या यादीत थेट लिहिलेलं आहे. कंपनीला अहवाल लागतो आणि अहवालाला फोटो लागतात. ऑनलाइन निधी उभारणाऱ्या संकेतस्थळांवर तर चेहऱ्याशिवाय आवाहन चालत नाही असं मानलंच जातं. दुसरीकडे सामान्य देणगीदाराची ओढ कमी करणारे बदल झाले. प्राप्तिकराच्या ८०जी कलमातल्या सवलतीसाठी रोख देणगीची मर्यादा २०१७ मध्ये दहा हजारांवरून दोन हजारांवर आली, धान्य-कपड्यांना ती सवलत कधी नव्हतीच, आणि नवी करप्रणाली घेणाऱ्या पगारदाराला ही वजावट मिळतच नाही. म्हणून जो फोटोसाठी अडून बसत नव्हता आणि वर्षाला एक पावती घेऊन जात होता, त्या जुन्या माणसाचाही हात थोडा आखडला.

बंदीला बळ दिलं ते काही अत्यंत वेदनादायी प्रकरणांनी. २०११ मध्ये पनवेलजवळच्या एका बालगृहातल्या मुलांवरचे अत्याचार उघड झाले आणि राज्यभरातल्या बालगृहांच्या तपासणीचा विषय उच्च न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१७ च्या निकालात प्रत्येक बालसंगोपन संस्थेची नोंदणी त्या वर्षाअखेर पूर्ण करायला सांगितलं. आता नोंदणीशिवाय बालगृह चालवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख दंड होऊ शकतो. बाहेरच्यांचा मुक्त वावर थांबला, येणाऱ्यांच्या नोंदवह्या आल्या, बरीच बालगृहं बाहेरून शिजवून आणलेलं अन्न घेईनाशी झाली. देणाऱ्यांना हे परकेपण टोचलं. मुलांच्या दृष्टीने मात्र दर रविवारी अनोळखी माणसांपुढे गाणं म्हणायला लावणं थांबलं, ही मोठी सुटका होती.

नियमांनी खर्चही वाढवला. २०१६ च्या आदर्श नियमांत शयनगृहात प्रत्येक मुलाला चाळीस चौरस फूट जागा, समुपदेशक, गृहमाता, परिचारिका हे सगळं आहे, आणि ते असायलाच हवं. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेचं अनुदान मुलामागे दरमहा तीन हजार रुपये. यात अन्न, कपडे, औषध, शाळा बसवायची. गृहमातेचा पगार कोण देणार, या प्रश्नावर समाजाचा हात अजूनही आखडतो. पंगतीला दहा हजार देणारा माणूस ‘पगारासाठी’ म्हटलं की विचारात पडतो, संस्था पैसे स्वतःवर खर्च करते असं त्याला वाटतं. खरं तर बालगृहातल्या मुलाचं आयुष्य ज्या एका गोष्टीने सर्वांत बदलतं ती म्हणजे तीच बाई, तीच ताई, पाच-सहा वर्षं त्याच्याजवळ असणं. दर सहा महिन्यांनी माणसं बदलणाऱ्या संस्थेत सणासुदीला किती मिष्टान्नं आली याला फारसा अर्थ उरत नाही. चेहऱ्याशिवाय आवाहन करायचं तर हेच सांगावं लागतं. काही बालगृहांनी आता गृहमातेच्या वर्षभराच्या पगारासाठी, शिकवणीसाठी, अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाच्या पहिल्या खोलीच्या भाड्यासाठी मदत मागायला सुरुवात केली आहे. प्रतिसाद हळू येतो.

सगळ्यात नवा बदल या वादाच्याही पुढचा आहे. करोनाच्या टाळेबंदीत, २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेनंतर शक्य असेल तिथे मुलांना नातेवाइकांकडे पाठवलं गेलं. तेव्हा ठळकपणे दिसलं की बालगृहातल्या अनेक मुलांना आई किंवा वडील, निदान आजी आहे, आणि गरिबीनेच त्यांना घराबाहेर काढलं आहे. धोरणही आता संस्थेपेक्षा घराला पसंती देतं. राज्याच्या बालसंगोपन योजनेत घरी राहणाऱ्या मुलाला दरमहा आधी ४२५ रुपये मिळत, २०२१ मध्ये ते ११०० झाले आणि २०२३ मध्ये २२५०.

मुलं घरी गेली तर देणगी कुठे जाणार, याची तयारी मात्र झालेली नाही. आजी पावती देऊ शकत नाही. तिच्या झोपडीवर देणगीदाराच्या नावाची फरशी बसत नाही. जुन्या संस्थांच्या घटनेत उद्देश लिहिलेला असतो ‘आश्रम चालवणे’, त्यामुळे आजीकडे राहणाऱ्या मुलाच्या शिकवणीवर त्याच निधीतून खर्च करायचा तर आधी धर्मादाय आयुक्तांकडे उद्देश बदलून घ्यावा लागतो. विश्वस्तांच्या बैठकीत तो ठराव मांडला की पहिला प्रश्न कायम तिथीच्या ठेवींचा निघतो: मुलं इथे नसतील तर त्या दिवशी जेवण कुणाला द्यायचं?